अडीच ते साडेचार त्या वर्गात काय चालतं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बोस्टनजवळ राहणाऱ्या एका मराठी जोडप्याच्या मुलीचा पाचवीसाठी चार्टर शाळेच्या लॉटरीत नंबर लागला आहे. ती शाळा पावणेआठला भरते आणि साडेचारला सुटते. घराजवळची डिस्ट्रिक्टची, म्हणजे गावाच्या शाळामंडळाने चालवलेली नेहमीची सरकारी शाळा अडीचलाच सुटते. 'रोज दोन तास म्हणजे वर्षाला साडेतीनशेहून जास्त तास. मुलगी तेवढी पुढे जाईल, की नुसती दमेल? आणि चार्टर शाळा नक्की सरकारी की खासगी? त्यावरून इथे एवढी भांडणं का होतात?'

मी 19 वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये सहावी ते आठवीला गणित शिकवते आहे. पहिली 5 वर्षं चार्टर शाळेत होते, त्यानंतर डिस्ट्रिक्टच्या शाळेत. दोन्हीकडे चांगले दिवस पाहिले, दोन्हीकडे मुलं हातातून निसटतानाही पाहिली. शाळा किती वाजता सुटते यावरून तुमच्या मुलीचं काय होईल ते सांगता येत नाही. वाढलेल्या दोन तासांत तिच्याजवळ कोण बसणार आहे, त्यावरून बरंच सांगता येतं.

आधी सरकारी की खासगी ते सांगते. आपल्याकडची अनुदानित शाळा डोळ्यांसमोर आणा. चालवते संस्था, पैसा सरकारचा. चार्टर शाळा साधारण त्याच जातीची. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, अर्ज जास्त आले तर लॉटरी. फरक दोन आहेत. अनुदानित शाळेत सरकार शिक्षकांचे पगार देतं. इथे पैसा मुलामागे येतो. पटावरचं मूल गेलं की त्याच्याबरोबर पैसाही जातो. दुसरा फरक असा की चार्टर हा मुदतीचा करार आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये दर 5 वर्षांनी राज्याचं शिक्षण मंडळ तो तपासतं आणि काम बरोबर नसेल तर शाळा बंद करू शकतं. त्या बदल्यात शाळेला आपली वेळ, अभ्यासक्रम आणि नेमणुका ठरवण्याची मोकळीक मिळते. शाळा साडेचारपर्यंत चालवता येते ती या मोकळिकीमुळे. डिस्ट्रिक्टच्या शाळेत दहा मिनिटं वाढवायची तरी शिक्षक संघटनेशी बोलणी करावी लागतात.

ही कल्पना मुळात शिक्षक संघटनेच्याच नेत्याने देशभर नेली होती. अल्बर्ट शँकर हे अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष. 1988 मध्ये त्यांनी मांडलं की काही शिक्षकांना एकत्र येऊन नव्या पद्धती करून बघायला मोकळीक द्यावी आणि त्यातून सापडेल ते सगळ्या शाळांना मिळावं. 1991 मध्ये मिनेसोटाने पहिला कायदा केला आणि 1992 मध्ये सेंट पॉलमध्ये पहिली शाळा उघडली. पण पुढे या शाळा शिक्षकांच्या प्रयोगांपेक्षा डिस्ट्रिक्टशी स्पर्धा म्हणून वाढत गेल्या आणि शँकर स्वतः त्यांचे टीकाकार झाले. मला हे फार लागतं. डिस्ट्रिक्टची शाळा आणि चार्टर शाळा यांच्यात चार गल्ल्यांचं अंतर असतं, पण एकीतल्या शिक्षकाला दुसरीत काय चांगलं चाललंय याचा पत्ता नसतो.

भांडणाचं मूळ पैशात आहे. समजा एका डिस्ट्रिक्टमधून 25 मुलं चार्टरमध्ये गेली. ती काही एकाच वर्गातली नसतात. कुठे दुसरीतली 2, कुठे सहावीतली 3, वेगवेगळ्या इमारतींतली. त्यामुळे एकही वर्ग बंद करता येत नाही, एकही बस कमी होत नाही, हिवाळ्यातलं हीटिंग तेवढंच लागतं. पैसा मात्र जातो. राज्य काही वर्षं थोडी भरपाई देतं, पण मग कला, संगीत, ग्रंथपाल यांवर गदा येते. दुसऱ्या बाजूला बोस्टनच्या रॉक्सबरी किंवा डॉर्चेस्टर या वस्त्यांमधली आई असते. तिच्या मुलाला आत्ता, या वर्षी वाचता येत नाहीये. डिस्ट्रिक्ट सुधारेपर्यंत थांबा, असं तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? 2016 मध्ये मॅसॅच्युसेट्सने यावर मतदान घेतलं. दरवर्षी 12 पर्यंत नव्या चार्टर शाळांना किंवा विस्तारांना परवानगी द्यावी असा प्रस्ताव होता. 62 टक्के मतदारांनी तो नाकारला. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या जुन्या संघटनेने चार्टर शाळांची वाढ थांबवा असा ठराव केला, आणि लॉटरीच्या रांगेत उभे असलेले अनेक पालकही कृष्णवर्णीयच होते. दोघांचीही काळजी मुलांचीच आहे, म्हणून हा वाद लवकर मिटणारा नाही.

आता तासांकडे येते. अमेरिकेत शाळेचं वर्ष साधारण 180 दिवसांचं असतं. मॅसॅच्युसेट्सच्या नियमाने प्राथमिकला किमान 900 आणि माध्यमिकला 990 तास शिकवणं व्हायला हवं. आपल्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला 800 आणि सहावी ते आठवीला 1000 तास आहेत. कागदावर फार फरक नाही. तरी इथे हे तास कमी पडतात अशी ओरड जुनी आहे. 1983 मध्ये सरकारी आयोगाचा 'ए नेशन ॲट रिस्क' हा गाजलेला अहवाल आला. त्याने रोज 7 तास आणि वर्षाला 200 ते 220 दिवस शाळा असावी असं सुचवलं. डिस्ट्रिक्टना ते कधीच झेपलं नाही. 1994 मध्ये ह्यूस्टनमध्ये दोन तरुण शिक्षकांनी सुरू केलेल्या किप या शाळांनी ते करून दाखवलं. सकाळी साडेसातपासून संध्याकाळी पाचपर्यंत शाळा, एक सोडून एक शनिवार, उन्हाळ्यातही काही आठवडे. निकाल चांगले आले आणि 'लांब दिवस' हे चार्टर शाळांचं ओळखपत्रच झालं.

मग सगळ्यांनाच वाटलं की तास वाढवले की झालं. मॅसॅच्युसेट्सने 2006 मध्ये 10 सरकारी शाळांपासून सुरुवात केली. वर्षाला 300 तास जास्त, त्यासाठी दर मुलामागे 1300 डॉलर. हेतू उत्तम, पैसाही दिला. पण अनेक वर्षांच्या मूल्यमापनात चाचणीच्या गुणांवर सरासरीने ठळक फरक दिसला नाही. काही शाळा खूप सुधारल्या, काही होत्या तिथेच राहिल्या. शिकागोमध्ये महापौर रॅम इमॅन्युएल यांनी प्राथमिक शाळेचा पावणेसहा तासांचा दिवस सात तासांवर नेला. 2012 च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या शिक्षकांनी 25 वर्षांतला पहिला संप केला, त्यामागे हा लांबलेला दिवसही होता. वेळ वाढवता, पण त्या वेळात कला आणि व्यायाम शिकवायला माणसं कुठे आहेत, हा त्यांचा सवाल मला रास्त वाटतो.

मराठीत आपण 'तास' हा शब्द दोन अर्थांनी वापरतो, साठ मिनिटं आणि वर्गातला पिरियड. आणि 'ऑफ तास' म्हणजे काय हे महाराष्ट्रात शिकलेल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. घंटा होते, पोरं वर्गात असतात, बाई आलेल्या नसतात. तास भरतो आणि तास होत नाही. शाळेचा दिवस लांबवण्यातला सगळा धोका या दोन शब्दांत आहे. शिक्षक न वाढवता दिवस वाढवला की शेवटचे दोन तास हळूहळू ऑफ तास होत जातात, वेळापत्रकावर त्यांना कितीही सुंदर नावं दिलेली असोत.

माझ्या पहिल्या शाळेतही असंच होतं. साडेतीन ते साडेचार 'स्टडी हॉल'. 28 मुलं आणि कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण. काम वर्गात शांतता ठेवणं. ज्यांना गृहपाठ येत होता ती मुलं वीस मिनिटांत तो संपवून चित्रं काढत बसायची. ज्यांना येत नव्हता ती तासभर पहिल्याच गणितावर. माझ्या पाचव्या वर्षी शाळेने पैसा उभा करून तोच तास शिकवणीला दिला. एका मोठ्या माणसाजवळ दोन मुलं, रोज तीच जोडी. सहावीतला एक मुलगा आठवतो. अपूर्णांकांची आकडेमोड बरोबर करायचा, पण संख्यारेषेवर मांडताना दरवेळी चुकायचा. मी वर्गात चार वेळा समजावलं होतं. त्याची शिकवणी घेणाऱ्या तरुणीने त्याला मोठ्याने मोजायला लावलं आणि दहा मिनिटांत कळलं, तो रेषेवरचे खंड मोजतच नव्हता, उभ्या खुणा मोजत होता. शून्याची खूण त्याच्यासाठी 'एक' होती. दुसरीपासून तो असंच मोजत आला असणार. त्या तरुणीच्या जागी 28 मुलांसमोर मी उभी असते तर मला ते पुढची दोन वर्षंही कळलं नसतं.

संशोधनातही हेच दिसतं. बोस्टनच्या मॅच या चार्टर हायस्कूलने लांबवलेल्या दिवसात रोज दोन तास अशी शिकवणी गुंफली होती. ब्राउन विद्यापीठाच्या मॅथ्यू क्राफ्ट यांनी ते तपासलं, तेव्हा इंग्रजीत स्पष्ट फायदा आढळला. हार्वर्डचे रोलंड फ्रायर आणि त्यांचे सहकारी विल डॉबी यांनी न्यूयॉर्कच्या 39 चार्टर शाळा आतून पाहिल्या आणि 2013 मध्ये निष्कर्ष छापले. वर्गातल्या मुलांची संख्या, दर मुलामागचा खर्च, शिक्षकांच्या पदव्या यांनी चांगल्या आणि वाईट शाळांतला फरक उलगडत नव्हता. शिक्षकाला वारंवार मिळणारा अभिप्राय, आकडे पाहून शिकवण्यात केलेले बदल, भरपूर शिकवणी, जास्त वेळ आणि उच्च अपेक्षा या पाच गोष्टी मिळून जवळपास निम्मा फरक उलगडत होता. त्यात वेळ आहे, पण पाचांतली एक. याच पाच गोष्टी ह्यूस्टनच्या मागे पडलेल्या सरकारी शाळांत नेल्या तेव्हा गणित चांगलंच सुधारलं, वाचन जवळपास होतं तिथेच राहिलं. वाचनाचं मूळ घरातल्या बोलण्यात आणि पुस्तकांत खोल गेलेलं असतं, तासाभराची शिकवणी तिथवर पोचायला वेळ लागतो. फ्लोरिडाने सर्वांत मागे असलेल्या 100 प्राथमिक शाळांना 2012 पासून रोज एक तास जास्त वाचन सक्तीचं केलं. फायदा झाला, माफक, पण खरा. तो तास वाचनाचाच असेल हे कायद्याने बांधून दिलेलं होतं हे लक्षात घ्या.

वेळेबद्दलचा मला सर्वांत आवडणारा अभ्यास आपल्या इथल्या बर्फाचा आहे. जोशुआ गुडमन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या 'स्नो डे'च्या सुट्ट्या तपासल्या. बर्फामुळे शाळा बंद राहिली तर मुलांच्या गुणांवर परिणाम दिसत नाही. बर्फ मध्यम असेल, शाळा चालू असेल आणि काही मुलं गैरहजर राहिली, तर मात्र दिसतो. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा खिडकीबाहेर बघत बसले, कारण दर फेब्रुवारीत हे अनुभवत होते. शाळा बंद असेल तर सगळे एकाच पानावर परत येतात. सहा मुलं गैरहजर असतील तर दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर दोन वर्ग असतात आणि मी दोघांनाही अर्धी मिळते.

आहे तो वेळ कसा सांडतो तेही पाहा. प्रॉव्हिडन्सच्या सरकारी शाळांत क्राफ्ट यांनीच मोजलं की एका वर्गात वर्षाला 2000 हून जास्त वेळा व्यत्यय येतो. लाउडस्पीकरवरची घोषणा, उशिरा आलेलं मूल, ऑफिसातून आलेला फोन. सगळं मिळून 10 ते 20 दिवसांचं शिकवणं वाया जातं. चांगल्या चार्टर शाळांची खरी करामत मला इथे दिसली. पहिल्या शाळेत माझ्या तासाला कधी फोन वाजला नाही. डिस्ट्रिक्टमध्ये आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका तासाला सहा वेळा दार उघडलं.

पण त्या शांततेची किंमतही होती. तिथे मुलं ओळीत, तोंड मिटून, फरशीवरच्या पट्टीवरून चालायची. शर्ट बाहेर आला तर गुण कापले जायचे. कापलेले गुण साठत गेले की घरी पाठवणी. 'नो एक्स्क्यूजेस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीवर खूप टीका झाली आणि ती बरोबर होती. निलंबनाचा मार सर्वांत जास्त काळ्या मुलांवर आणि विशेष गरजा असलेल्या मुलांवर पडत होता. मीही त्या पाठवण्यांच्या कागदांवर सह्या केल्या आहेत आणि त्यांतल्या काही आज करणार नाही. 2020 मध्ये किपने आपलं 'वर्क हार्ड, बी नाइस' हे घोषवाक्य मागे घेतलं. अनेक शाळांनी नियम सैल केले आणि काहींनी दिवसही आखूड केला.

दुसरी किंमत शिक्षकांनी मोजली. सव्वासातला शाळेत, साडेपाचला बाहेर, रात्री मुलांच्या फोनला उत्तर. पंचविशीत हे जमतं. घरी बाळ आलं की जमत नाही, माझंही जमलं नाही. मी सोडली तेव्हा माझ्याबरोबर रुजू झालेल्या शिक्षकांपैकी फारच थोडे उरले होते. मुलांना दरवर्षी नवा, उत्साही, अननुभवी शिक्षक मिळायचा. डिस्ट्रिक्टमध्ये माझ्या शेजारच्या वर्गातली बाई 26 वर्षं तिथे आहे आणि काही मुलांच्या आयांनाही तिनेच शिकवलंय. गुणपत्रिकेत ही गोष्ट कुठेच दिसत नाही.

'चार्टर शाळा बऱ्या की वाईट' याच्या आकड्यांनी गोंधळू नका. स्टॅनफर्डच्या क्रेडो या संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार चार्टरमधली मुलं सरासरीने वाचनात 16 दिवस आणि गणितात 6 दिवस जास्त शिकतात. हे 'दिवस' कॅलेंडरचे नाहीत, गुणांतल्या फरकाचं केलेलं रूपांतर आहे. आणि सरासरीच्या पोटात फार वेगळ्या शाळा आहेत. ऑनलाइन चालणाऱ्या चार्टर शाळांतली मुलं गणितात 124 दिवस मागे पडलेली दिसली. दुसऱ्या टोकाला बोस्टन. इथे लॉटरीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना करता येते, आणि पालक दोन्हीकडे सारखेच धडपडे असतात. त्या तुलनेत बोस्टनमधल्या मिडल स्कूलच्या (साधारण सहावी ते आठवी) चार्टर शाळांचा गणितातला फायदा फार मोठा निघाला. पण त्याच संशोधकांना राज्यातल्या शहराबाहेरच्या चार्टर शाळांत असा फायदा दिसला नाही. तिथे मूळ शाळाच बऱ्या आणि घरीही हात द्यायला कोणीतरी असतं.

तुमच्यासाठी हा मुद्दा कळीचा आहे. मी महाराष्ट्रात सकाळच्या सत्राच्या शाळेत शिकले. बाराला शाळा सुटायची आणि चारला शिकवणी. शाळेचे तास सगळ्यांना सारखे, शिकवणीचे ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे. इथेही तसंच आहे. आपल्या ओळखीतली किती मुलं संध्याकाळी रशियन मॅथ किंवा कुमॉनसारख्या खासगी क्लासला जातात ते मोजा. त्यांचा शाळेचा दिवस साडेसहाला संपतो, फक्त त्याचं बिल आईवडील भरतात. चांगली चार्टर शाळा ही शिकवणी शाळेच्या आत आणि फुकट देते. ज्या घराला ती विकत घेता येत नाही त्याच्यासाठी ते सोनं आहे. तुमच्या मुलीला घरी रात्री गणित समजावणारं कोणी असेल, डिस्ट्रिक्टची शाळा बरी असेल आणि तिला वाचनाची गोडी असेल, तर त्या दोन तासांतून तिला मिळणारं तुलनेने कमी असेल. आणि जाणारं काय असेल तेही धरा. पोहणं, मोकळं खेळणं, कंटाळून स्वतःच काहीतरी शोधून काढणं. शनिवारी शाळा असेल आणि तुमच्या गावातली मराठी शाळा त्याच वेळी भरत असेल, तर मराठी सुटते. दहाव्या वर्षी सुटलेली मराठी परत आणणं कठीण जातं, माझ्या मुलाच्या बाबतीत ते मी भोगते आहे.

तरीही जागा सोडू नका, आधी पाहून या. शाळा सकाळी दाखवायचा कार्यक्रम ठेवतात, तुम्ही दुपारी साडेतीनला येऊ का विचारा. साध्या मंगळवारी. त्या वेळी पाचवीच्या वर्गात शिकवणारा माणूस कोण आहे, सकाळच्याच बाई आहेत की तासांवर नेमलेलं कोणी, आणि एका मोठ्या माणसामागे किती मुलं आहेत ते बघा. गृहपाठ तिथेच पुरा होतो का विचारा. साडेचारनंतर घरी आणखी तासभर असेल तर तो दहा वर्षांच्या मुलीचा कामाचा दिवस माझ्यापेक्षा मोठा झाला. मधली सुट्टी किती मिनिटांची ते विचारा. वीस मिनिटांखाली असेल तर मी हरकत घेईन. आज इथे असलेले किती शिक्षक तीन वर्षांपूर्वीही इथेच होते? पाचवीत आलेल्यांपैकी किती मुलं आठवीपर्यंत टिकतात, आणि मध्ये रिकाम्या झालेल्या जागा भरतात का? टिकलेल्याच मुलांचे निकाल दाखवणाऱ्या शाळेचे निकाल नेहमी चांगले दिसतात. शिक्षकांची गळती आणि निलंबनाचे आकडे राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर शाळावार मिळतात, ते आधी काढून मग प्रश्न विचारा.

तुम्हाला धाकटा मुलगा आहे असंही लिहिलंत. मोठी बहीण त्या शाळेत असेल तर लॉटरीत त्याला प्राधान्य मिळतं, म्हणजे हा निर्णय दोघांचा आहे हे धरून चाला. आणि मुलीला बरोबर न्या. परत येताना गाडीत शाळा कशी वाटली असं विचारू नका, मुलं 'छान' म्हणतात आणि विषय संपतो. तिला विचारा, साडेतीनला त्या वर्गातली मुलं काय करत होती. ती जे सांगेल ते मला इथे जरूर लिहा, त्यावरून पुढचं बोलू.